रिकामी एकदा, भरून एकदा

१. चढणं-उतरणं

पाहुणी सोमवारी सकाळी आली आणि दारासमोरची सगळी सावली एकटीने अडवून बसली.

त्या घरात तपासायला आलेल्या गाडीला पाहुणीच म्हणत. कंपनीचा माणूस किल्ली देऊन जायचा, सात दिवसांनी घेऊन जायचा, आणि मधले सात दिवस टेपमास्तर तिची उठबस करायचे. बावीस वर्षांत अशा कितीतरी येऊन गेल्या. कुणी नाजूक, कुणी नखरेल, कुणी पहिल्याच दिवशी रुसून बसलेली. ही मात्र दांडगी होती. खाली ट्रकची असते तशी शिडीसारखी जाड पोलादी चौकट, आणि त्या चौकटीवर वेगळं घर आणून ठेवावं तसा वरचा सांगाडा. फार मोठी नाही, फार लहान नाही, मधल्या मापाची. तरी ती दारात उभी राहिली आणि शेजाऱ्यांच्या गाड्या अंग चोरून उभ्या आहेत असं दिसायला लागलं.

टेपमास्तर हे नाव त्यांना साप्ताहिकाच्या कचेरीत पडलं होतं, कारण त्यांच्या खिशात रुमाल नसला तरी मोजायची टेप असायची. साप्ताहिक ग्राहकांसाठी निघायचं. ते दर आठवड्याला एका गाडीबद्दल लिहीत आणि शेवटी एका चौकटीत एकच शब्द देत. घ्या, बघा किंवा थांबा. लोक मधला मजकूर सोडून थेट चौकटीवर उडी मारतात, हे त्यांना माहीत होतं. घरातही ते तीन शब्द सगळ्याला लागू होते. पडद्याच्या कापडाला 'बघा', वरच्या मजल्यावरच्या काकांनी सुचवलेल्या औषधाला 'थांबा'. लेकीने एकदा एका मित्राला जेवायला आणलं होतं. तो गेल्यावर टेपमास्तर तोंड उघडणार तोच ती म्हणाली होती, "बाबा, चौकट माझी मी भरेन."

ह्या वेळी मात्र त्यांची चौकट वाचायला ती स्वतःच टपून बसली होती.

लेक जनावरांची डॉक्टर. शहरातल्या दवाखान्यात मांजरांची नखं कापून आणि लठ्ठ कुत्र्यांच्या लठ्ठ मालकांना 'चालायला न्या' असं सांगून ती विटली होती. अकरा तासांवर, वर पठारावर, जिथे माणसांपेक्षा गुरं जास्त, तिथे डॉक्टरची जागा रिकामी झाली होती. शेवटचे पन्नास किलोमीटर रस्ता असा नव्हताच. ओढे, दगड, आणि वर्षातले चार महिने चिखल. जागा तिला देऊ केली होती. अट एकच : स्वतःची गाडी हवी, आणि ती तिथवर पोचणारी हवी. उत्तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत.

"मला जमेल अशी आणि त्या वाटेला जाईल अशी ही एकच गाडी आहे," ती म्हणाली. "तुम्ही घ्या म्हणालात तर घेते आणि जाते. थांबा म्हणालात तर थांबते."

"एवढं माझ्यावर टाकू नकोस."

"तुमच्यावर कुठे टाकतेय? तुमच्या चौकटीवर टाकतेय."

टेपमास्तरांनी छापील नमुना उघडला, वाकून टेप लावली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं : *आतली जमीन रस्त्यापासून पंचावन्न सेंटिमीटर वर. गुडघे दुखणाऱ्यांना चढताना देव आठवेल.*

पहिल्याच दिवशी पहिला दोष. त्यांना बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचं लक्षात आलं, तेव्हा जरा कमी बरं वाटलं.

२. तिसरी रांग

*गुडघ्यापुढे अर्धी मूठ. लहान मुलांसाठी, तेही भांडण झालेल्या.*

टेपमास्तर पायांची जागा मुठीने मोजत. बसायचं, गुडघा आणि पुढची सीट ह्यांच्यामध्ये मूठ घालायची. दोन बसल्या तर ऐसपैस, एक बसली तर ठीक, अर्धी म्हणजे शिक्षा. एकदा एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं होतं, 'मूठ कुणाची?' तेव्हा संपादक बाईंनी पुढच्या अंकात टेपमास्तरांची मूठ खऱ्या मापात छापली. काही जणांनी ती कापून गाडीच्या दुकानात नेली म्हणे.

तिसऱ्या रांगेत मात्र ते कधी बसले नव्हते. ती जागा लेकीची. सात वर्षांची होती तेव्हापासून वही मांडीवर घेऊन ती मागे बसायची आणि घरी आली की बूट न काढता अहवाल द्यायची. "खिडकी उघडत नाही. पाय मावतात, दप्तर मावत नाही. मळमळ : दहापैकी चार." मळमळीचा तो आकडा नऊ वर्षं साप्ताहिकात छापून येत होता, आणि तो कुठल्या यंत्रावर मोजता, असं एका कंपनीने लेखी विचारलं होतं. घरात तिला इन्स्पेक्टर म्हणायला लागले ते तेव्हापासून.

सोळाव्या वर्षी एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आता माझे गुडघे मावत नाहीत." खरं तर मावत होते. टेपमास्तरांनी मूठ घालून बघितली असती तर कळलंच असतं. त्यांनी घातली नाही. पुढच्या छपाईला मळमळीचा रकाना नमुन्यातून गेला, आणि तिसरी रांग ते बाहेरूनच हात घालून मोजायला लागले.

मंगळवारी ते स्वतःला घडी घालून पाहुणीच्या तिसऱ्या रांगेत बसले. बाहेर पडताना अडकले. लेकीने हात देऊन ओढून काढलं.

"काय म्हणते पाहुणी?"

"गुदमरवते."

"पण माझ्या मागे तिथे बसणार कोण? एखादं आजारी वासरू."

"वासराला काय गुडघे नसतात?"

"वासराचे पुढचे गुडघे म्हणजे खरं तर मनगटं असतात, बाबा. तसलं काही लिहून बसू नका, माझी अब्रू जाईल."

ते हसले. तीही हसली, आणि दाराला टेकून म्हणाली, "तिथे गाय अडली ना, की माणसं दोन दिवस चालत खाली येतात डॉक्टरला न्यायला. डॉक्टर वर पोचेपर्यंत चौथा दिवस. गेल्या वर्षीचं रजिस्टर बघितलं मी. तीच तीच ओळ, खाली खाली. 'उशीर झाला.' 'उशीर झाला.' मी इथे कुत्र्यांचं वजन करतेय."

'अर्धी मूठ' ह्या शब्दांखाली टेपमास्तरांनी एक रेघ ओढली. मग आणखी एक.

३. खराब रस्ता (रिकामी)

गावाबाहेर तासाभरावर खडीची खाण होती. तिथे जाणारा कच्चा रस्ता म्हणजे टेपमास्तरांची प्रयोगशाळा. तिथली त्यांची पद्धत कचेरीतल्या कुणालाच पटत नसे, आणि कुणाला ती खोडूनही काढता येत नसे. दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवायची, टेपमास्तरांनी मधल्या बैठकीवर मांडीवर पाटी घेऊन बसायचं आणि वळणापासून खाणीच्या फाटकापर्यंत एकच वाक्य कागदावर लिहीत राहायचं : *मी मागे बसलो आहे आणि हे वाक्य वाचता येतं.* अक्षर जितकं सुवाच्य, तितकी गाडी गुणी.

चालवायचं काम बायकोचं. ती शाळेत गणित शिकवायची आणि खड्ड्यांना घाबरत नसे.

बुधवारी शाळा सुटल्यावर दोघं गेले. पाहुणीने त्या रस्त्यावर असे काही दणके दिले, की टेपमास्तरांची टोपी दोनदा छताला लागली. मागची चाकं बारीकसा दगड आला तरी उडत होती. फाटकापाशी बायकोने गाडी थांबवली आणि मान वळवून कागद बघितला.

"हे काय? शाईच्या दौतीत पडलेल्या मुंग्या चालल्यात."

"बघ ना," ते म्हणाले. आवाजात उत्साह जरा जास्तच होता. "एक अक्षर लागत नाही. ट्रक आहे हा ट्रक, वर कातडी सीटा घातलेला. ह्यात रोज बसायचं म्हणजे मणक्यांचा खुळखुळा."

"तुम्हाला आनंद झालाय."

"मला? मला कशाला होईल? दोष सापडला, नोंद केली. माझं कामच ते."

"बरं," बायको म्हणाली आणि गाडी वळवायला लागली. एका झटक्यात वळली नाही. मागे, पुढे, मागे, पुढे. "वळायलाही अख्खं गाव लागतं हिला. घ्या, लिहून घ्या तेही."

त्यांनी लिहून घेतलं.

४. खराब रस्ता (भरून)

५. शहरात

*वळणावर कलते. उंचीमुळे जवळचं लहान मूल दिसत नाही. बाजाराच्या गल्लीत शिरल्यावर मागे यावं लागलं, आणि मागे येताना तीन दुकानदारांनी तीन वेगवेगळ्या दिशांना हात केले.*

गुरुवारी दुपारी संपादक बाईंचा फोन आला.

"टेपमास्तर, शब्द ठरला का?"

"ठरत आलाय."

"थांबाच ना? आपल्या वाचकांनी काय करायचंय असली गाडी? शाळा, भाजी, कचेरी. शंभरातल्या नव्वदांना ती खाली ट्रक आहे हेच माहीत नसतं. उंच दिसते म्हणून घेतात आणि मग सासूला चढवता येत नाही."

"तेच म्हणतोय मी."

"मग लिहा की. सरळ तर आहे. आवाज असा का येतोय तुमचा?"

"कसा येतोय?"

"परीक्षेत पेपर सोपा आल्यासारखा."

फोन ठेवून ते खिडकीशी गेले. संपादक बाई बरोबर होत्या. ही गाडी शहरातल्या माणसाने घेऊ नये, हे त्यांचं प्रामाणिक मत होतं. कुणीही, कुठल्याही कोर्टात शपथ घालून विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. पंचाईत एवढीच होती, की जे खरं होतं तेच त्यांना हवंही होतं. असं त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि अशा वेळी माणसाने कुठे बघायचं, हे त्यांना कळेना. त्यांनी बाहेर बघितलं. लेक दवाखान्यातून लवकर आली होती. पाहुणीच्या चाकाशी उकिडवी बसून तिच्या पोटाखाली हात घालून ती अंदाज घेत होती, जशी एखाद्या गाईच्या पोटाखाली घालेल. मग उठली, कपड्यांची धूळ झटकली आणि गाडीच्या दारावर दोनदा थाप मारली.

घरात ती आली की आधी साबणाचा आणि औषधाचा वास यायचा, मग ती. जेवताना त्यांचा मजकूर ताटाशेजारी ठेवून वाचायची, लाल पेन्सिलीने स्वल्पविराम मारायची आणि भांडायची. 'इथे "जरा" नको, तुम्ही सगळीकडे "जरा" टाकता.' दोन वर्षं शिकायला बाहेर होती तेव्हा त्यांच्या लेखात 'जरा' मोकाट सुटला होता. तेव्हा ती परत येणार होती. वर पठारावर गेलेली माणसं, निदान आतापर्यंतची, वीस-वीस वर्षं राहिली होती.

४. खराब रस्ता (भरून)

टेपमास्तरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. गाडी दोनदा चालवायची. रिकामी एकदा, भरून एकदा. कोपऱ्यावरच्या बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून वाळूची पोती आणायची, मागे रचायची आणि पुन्हा खाणीच्या रस्त्यावर जायचं. दुकानदाराने सोमवारीच निरोप पाठवला होता, पोती बांधून ठेवलीत.

मंगळवारी टेपमास्तरांची कंबर धरली होती. बुधवारी उशीर झाला. गुरुवारी दुकान बंद असेल असं त्यांना वाटलं आणि खात्री करायला ते गेले नाहीत. शुक्रवारी सकाळी ते दुकानावरून गेले, तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला त्यांना अचानक बघण्यासारखं काहीतरी दिसलं.

बायको हे सगळं बघत होती. फळ्यापाशी उभ्या मुलाचं पहिल्याच पायरीला चुकलंय हे दिसत असूनही गणिताच्या बाई त्याला पुढच्या पायऱ्या करू देतात, तशी.

६. निकाल

शुक्रवारी दुपारी त्यांनी लेख लिहून काढला. आठशे शब्द, एकही खोटा नाही. चौकटीत लिहिलं : *थांबा.*

लिहून झाल्यावर त्या शब्दाकडे त्यांनी पुन्हा बघितलं. हजार वेळा लिहिलेला शब्द. वाचकांना उद्देशून, अनोळखी माणसांना, अनेकवचनी, आदरार्थी. शेवटचा काना काढला की तो एकाच माणसाला म्हणता आला असता. त्यांनी काना तसाच ठेवला, कागद जेवणाच्या टेबलावर नेहमीच्या जागी ठेवला, शेजारी लाल पेन्सिल ठेवली आणि कंबर दुखत नसताना आडवे झाले.

शनिवारी सकाळी ते उठून आले तेव्हा लेक टेबलाशी बसली होती. पेन्सिल होती तिथेच होती.

"वाचला?" त्यांनी विचारलं.

"वाचला."

"काही दुरुस्ती?"

"नाही. छान झालाय." तिने कागद सरळ केला, कडा जुळवल्या. "ठीक आहे. मग कळवते त्यांना, येत नाही म्हणून."

झालं. आठवडाभर ज्याच्यामागे ते लागले होते, ते इतक्या हळू आवाजात मिळालं, की शेजारच्या खोलीत चहा गाळणाऱ्या बायकोलाही ऐकू गेलं नसेल. लेक रडली नाही, भांडली नाही. तिने लेखात एकही 'जरा' खोडला नव्हता. टेपमास्तरांनी वाकून बघितलं. सात होते.

"सात ठिकाणी 'जरा' आहे," ते म्हणाले.

"असू दे."

"असू दे? तू बघितलेस आणि असू दे?"

"बाबा, काय फरक पडतो आता?"

त्यांनी खुर्ची ओढली. बसले. उठले. चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तो लोकांसाठी आहे शब्द," ते म्हणाले. "बाजारात जाणाऱ्यांसाठी."

"मग माझ्यासाठी कुठला?"

देण्यासारखं उत्तर एकच होतं आणि ते टेपमास्तरांच्या तोंडातच राहिलं. लेकीने कागद परत उचलला आणि पहिल्यांदाच तो ग्राहकासारखा न वाचता इन्स्पेक्टरसारखा वाचला. बोट दुसऱ्या पानावर थांबलं.

"भरून चालवलेली कुठेय?"

"वाळू मिळाली नाही."

"वाळू मिळाली नाही?"

"हो."

"जगात?"

चहा घेऊन येणारी आई दारात थांबली. "मला वाटलंच होतं, आज तरी कुणीतरी हा प्रश्न विचारेल," ती म्हणाली.

लेक उठून उभी राहिली. रागावली होती, पण सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "बावीस वर्षांत असं एकदाही केलं नाहीत. मी सात वर्षांची होते, ताप होता मला, तरी पोत्यांवर बसवून नेलंत. वजन कमी पडायला नको म्हणून!"

"ताप नव्हता, कणकण होती."

"वाळू नको तुमची," ती म्हणाली. "माझं सामान भरू. तेच जायचंय ना हिच्यात? तेच भरू, आणि मग सांगा मला. सहाला फोन करायचाय."

भार

पुस्तकांची खोकी तीन : एकोणीस, बावीस, साडेसतरा किलो.
अडलेलं वासरू ओढून काढायच्या दोऱ्या, साखळ्या, पत्र्याची पेटी : एकतीस.
औषधांचा शीतपेटारा, रिकामा : चौदा. भरला की किती, ते तिलाच माहीत.
अंथरूण, उबदार कपडे : तेवीस.
गमबूट, दोन जोड : चार.
लहानपणीची वह्यांची पिशवी : लेकीने ठेवली, टेपमास्तरांनी उतरवली; तिने पुन्हा ठेवली. सहा.
पाण्याचे मोठे डबे चार, काठोकाठ, वजन भरायला : ऐंशी.
सूक्ष्मदर्शक : नऊ. पुढच्या सीटवर, पट्टा लावून.
आई : "अंदाजे लिहा."

घरातल्या वजनकाट्यावर एकेक चढवून हे सगळं लिहून भरायला दुपारचे चार वाजले. लेकीची खोली बाहेर आली आणि गाडीत बसली. टेपमास्तर शेवटचं खोकं आणायला गेले, तेव्हा भिंतीवर कपाटाच्या मागचा जुना रंग दिसला, फिकट हिरवा. तो त्यांनीच दिलेला होता. खोलीचा रंग मुळात हिरवा होता, हे ते विसरूनच गेले होते.

तिसऱ्या रांगेची एक बाजू पाडून तिथे खोकी रचली, दुसऱ्या बाजूला आईला बसवलं, कारण पुढे सूक्ष्मदर्शक होता आणि मध्ये टेपमास्तरांशेजारी अंथरूण. "शिकवलं-सवरलं, मोठं केलं," आई आत सरकताना म्हणाली, "आणि माझ्यापेक्षा मान भिंगाला."

लेक स्टिअरिंगवर बसली. टेपमास्तर मधल्या बैठकीवर, मांडीवर पाटी, हातात पेन. गाडी निघाली तेव्हाच काहीतरी बदललंय हे त्यांच्या बुडाला कळलं. बावीस वर्षं त्यांचं बूड त्यांच्या डोक्याच्या आधी निकाल देत आलं होतं. मागचा भाग खाली बसला होता. रिकामी असताना उगाच ताठ असलेल्या स्प्रिंगांवर वजन आलं होतं आणि त्या शहाण्यासारख्या वागत होत्या.

खाणीचं वळण आलं. शनिवार असल्यामुळे खाण बंद होती, रस्त्यावर कुणी नव्हतं.

"लिहायला लागा," लेक म्हणाली.

पहिला खड्डा आला. गाडी त्यात उतरली आणि वर आली, मोठं माणूस जिना उतरून चढतं तशी. दगड आले, तिने वेग कमी केला, चढासाठी जादा ताकद देणारा गिअरचा छोटा दांडा खाली ओढला आणि पाहुणी एकेक दगड चाकाने ओळखून घेत वर चढायला लागली. लेकीचे खांदे सैल होते. ती गुणगुणत होती. ती गाडी चालवताना गुणगुणते हे टेपमास्तरांना माहीत नव्हतं, कारण ती चालवत असताना ते कधी मागे बसलेच नव्हते.

त्यांनी पेन टेकवलं. नेहमीचं वाक्य लिहायचं होतं. *मी मागे बसलो आहे.* हात थांबला. पद्धतीला वाक्य कुठलंही चाललं असतं. अक्षर बघायचं होतं फक्त. त्यांनी लिहिलं : *थांब.* शेवटचा काना न देता. पुढे पुन्हा : *थांब.* आणि खाणीच्या रस्त्याच्या त्या दीड किलोमीटरभर, खड्ड्यातून, चढावर, जिथे बुधवारी मुंग्या सांडल्या होत्या तिथे, त्यांनी ओळीमागून ओळ तेवढाच एक शब्द लिहिला. *थांब. थांब. थांब.* वेलांटी नाही, उकार नाही, लिहायला सोपा. आणि जसजसं ते लिहीत गेले तसतसं त्यांना दिसायला लागलं, की थ ची गाठ गोल येतेय. अनुस्वार डोक्यावर नेमका बसतोय. ब चं पोट सुटत नाहीये. शिरोरेघ सरळ. शाळेच्या पुस्तकात छापावं असं अक्षर आलं होतं, आणि इतकं चांगलं अक्षर ह्या रस्त्यावर त्यांच्या हातून कधी म्हणजे कधी आलं नव्हतं.

फाटकापाशी गाडी थांबली.

"दाखवा," लेक म्हणाली आणि न वळता हात मागे केला.

कागद फाडता आला असता. खिशात घालता आला असता. पण तपासणीचा कागद होता तो, आणि इन्स्पेक्टरने मागितला होता. त्यांनी दिला.

तिने वाचला. पूर्ण वाचला, सगळ्या ओळी, जणू प्रत्येक ओळीत वेगळं काही असेल. मान वर केली नाही.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली.

"हो."

"एकही हललेलं नाही."

"नाही. गाडी चांगली आहे." "भरली की चांगली आहे. ही रिकामी फिरवायची गाडी नाही, माझं चुकलं ते. तुझ्या वाटेला हिच्यासारखी दुसरी मिळणार नाही."

"मग?"

"मग काय."

"शब्द सांगा, बाबा. तुमच्या तोंडून."

"घे," ते म्हणाले.

मग मागून खोक्यांच्या आडून आवाज आला : "आता मला कुणी बाहेर काढणार आहे का? माझे गुडघे कानाला लागलेत. आणि मळमळ विचाराल तर दहापैकी एक."

जे छापून आलं

ते पुढच्या आठवड्यात. चौकटीत शब्द 'थांबा'च होता, आणि तो बरोबर होता. पण चौकटीच्या खाली, जिथे कधीच काही नसतं तिथे, बारीक टायपात दोन ओळी होत्या. त्यासाठी संपादक बाईंशी त्यांचं पाऊण तास भांडण झालं. *ज्यांचा रस्ता मध्येच संपतो आणि तरी ज्यांना पुढे जायचं असतं, त्यांनी वरचा शब्द वाचू नये. त्यांनी ही गाडी पूर्ण भरून एकदा चालवावी.* सगळ्या लेखात 'जरा' एकदाही नव्हता.

७. इतर निरीक्षणं

पण शनिवारी खाणीपाशी अजून साडेपाचच वाजले होते, घरी पोचेपर्यंत सहा उलटून गेले असते, आणि फोनला तिथे रेंज नव्हती.

"वर लागेल," लेक म्हणाली, आणि फाटकाशेजारच्या खडीच्या ढिगावर चढायला लागली. दोन पावलं वर, एक खाली घसरत. टेपमास्तर पुढे झाले, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ, कंबर धरलीय ना तुमची." आणि हसली. डोळे लाल होते तिचे.

टेपमास्तर आणि तिसऱ्या रांगेतून बाहेर आलेली बायको गाडीला टेकून उभे राहिले. लेक ढिगाच्या टोकावर पोचली, फोन कानाला लावला, दुसऱ्या कानावर हात ठेवला. मग बोलायला लागली. वारा उलटा होता. एवढ्या लांबून एक शब्द येत नव्हता. फक्त तिचा मोकळा हात दिसत होता, हवेत काहीतरी दाखवत, पुन्हा खाली येत. मध्येच ती ऐकत राहिली, बराच वेळ, मान हलवत. मग परत काहीतरी विचारलं.

"काय विचारतेय?" बायको म्हणाली.

"तिथे पाणी कुठून आणतात ते विचारतेय. आणि सगळ्यात जवळचं घर किती लांब आहे."

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"नाही," टेपमास्तर म्हणाले. "मी असतो तर ते विचारलं असतं."